माइकवरचे सात सेकंद

अंबड
१२ जानेवारी २०२५

मावशी,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. शुक्रवार, १० जानेवारी. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कापसाच्या बंद जिनिंगच्या गोदामात आमचा दिवसाचा शेवटचा शॉट संपला.

२. गोदामात एकोणीस माणसं होती. मी माझ्या आवाज रेकॉर्ड करायच्या यंत्रापाशी होते, कानांवर हेडफोन होता.

३. शॉटनंतर आम्ही एक मिनिटाची शांतता रेकॉर्ड करायला घेतली. प्रत्येक जागेवर ती घ्यावी लागते, नंतर संवादांच्या मधल्या फटी भरायला उपयोगी पडते. त्या मिनिटात कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही.

४. हरिओमच्या छातीवर शर्टाच्या आत छोटा माइक लावलेला होता. तो सहायक दिग्दर्शक आहे, पण त्या शॉटमध्ये त्याला रखवालदाराचं काम दिलं होतं. माइक काढायचा राहून गेला. त्याचा श्वास आणि छातीचे ठोके माझ्या कानात येत होते.

५. अडतिसाव्या सेकंदाला त्या माइकवरचा आवाज गेला. पंचेचाळिसाव्या सेकंदाला परत आला.

६. सेहेचाळिसाव्या सेकंदाला हरिओम गुडघ्यांवर बसला. नाकातून रक्त आलं. मग तो आडवा झाला.

७. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणतात. वय एकतीस, आधीचा काही आजार नाही. तो जालन्याला दवाखान्यात आहे. उजवी बाजू हलत नाही, बोलता येत नाही.

दिवाळीत तुला सांगितलं होतं तो हाच चित्रपट. नुसत्या मनाने समोरच्याला मारू शकणाऱ्या माणसांची गोष्ट आहे. आमचे नट त्यासाठी डोळे वटारतात, गळ्याच्या शिरा फुगवतात, हात पुढे करतात. मग बबलू, आमचा मेकअपवाला, बीटाचा रस भरलेला भोपळा फोडतो. शूटिंग बघायला आलेल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "ताई, येवढा जोर लावून भोपळाच फुटतो व्हय? आमच्या घरी सून हळूच फोडती." खरं घडलं तेव्हा कुणीही डोळे वटारले नव्हते. हरिओम पडल्यावर तो नक्कल करतोय असं वाटून पहिले काही क्षण लोक हसले. दिग्दर्शकाने कॅमेरा चालू करायची खूण केली.

मी ते रेकॉर्डिंग अकरा वेळा तपासलं. तार तुटली तरी यंत्रात बारीक खरखर उरते. या सात सेकंदांत खरखरही नाही. त्याच वेळी बाकीच्या दोन माइकांवर कबुतरांचे पंख आणि लांबचा ट्रॅक्टर नीट ऐकू येतो. एकाच माणसाच्या छातीपाशी काहीच नाही. मी जे शिकले त्यात हे बसत नाही.

मी नऊ वर्षांची असताना एका बोक्याने आमच्या मांजरीची पिल्लं खाल्ली होती. मी अंगणात उभी राहून त्याच्याकडे बघत होते आणि तो भिंतीवरून पडला, तो उठलाच नाही. आईने धावत येऊन मला खांद्याला धरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. का, ते कधी सांगितलं नाही. ती स्वतः कुणावर रागावली की त्याच्याकडे पाठ फिरवूनच बोलायची. तूही तसंच करतेस.

का, ते मला कळव. तू फोन ठेवत नाहीस म्हणून पत्र.

शालू


पिंपळगाव रेणुकाई
१६ जानेवारी

शालू बाई,

संक्रांतीचं पत्र असंल म्हनून मी हात धुऊन उघडलं. तिळगूळ न्हाई, मावशी कशी हायस न्हाई, एकदम पोलिसाचा पंचनामा! तुझ्या आईला बी असंच व्हतं. मेलेल्याच्या घरी जाऊन आधी विचारायची, कितीला गेले.

तू सात नंबर लिवले. आठवा लिवलाच न्हाई. त्या पोराचा तुला राग आल्ता का न्हाई? आल्ता. मला इथं बसून कळतंय.

आता ऐक. हे तुझ्या आईनं सांगायचं व्हतं, पन ती तुला तालुक्याला शाळेत घालून मोकळी झाली. आपल्या घरच्या बायांच्या नजरेत खोट हाय. सगळ्यांच्या न्हाई. माझ्या आईच्या व्हती, तुझ्या आईच्या, तुळजाक्काच्या व्हती, माझ्या हाय. राग आला अन् नजर धरली की समोरच्याचं बरं व्हत न्हाई. आईनं आमाला फराक घालायच्या वयात शिकवलं, राग आला की पाठ कर. सासूसंगं भांडायचं तर चुलीकडं तोंड करून भांड. गावात लोक हसायचे. देवीच्या रांगेत आमी दोगी उलट्या उभ्या दिसलो की बाया म्हनायच्या, आज भुजंग पाटलाच्या पोरींचं वाजलं वाटतं. हसू दे. हसनारी मानसं जिती व्हती.

तू बी तसंच कर. कुनावर मन फिरलं की पाठ कर अन् दम धर. डोळ्याला जपलं की बिलकुल काई व्हत न्हाई. काम संपलं की जल्दी इकडं ये.

अन् हे पत्र जाळ. तुला ठाव न्हाई, असल्या बायांचं गाव काय करतं.

दैवशाला


अंबड
२५ जानेवारी

मावशी,

आठवा मुद्दा मी मुद्दाम गाळला होता. तो असा.

आठ तारखेला हरिओमने माझ्या यंत्रातलं मेमरी कार्ड न विचारता पुसून कॅमेऱ्याला दिलं. दोन दिवसांचे आवाज गेले. दिग्दर्शकाने विचारलं तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडमचं लक्ष कुठं असतं देव जाणे. मशीन सांभाळणं म्हणजे पोळ्या लाटणं नाही." माणसं हसली. मी उत्तर दिलं नाही. मी कधीच देत नाही, म्हणून सगळे मला शांत समजतात. दोन दिवसांनी त्या मिनिटात मी त्याचे ठोके मोजत होते आणि ते थांबावेत असं मला वाटलं. सात सेकंद वाटलं. मग मी स्वतःलाच दचकले.

तुझं पत्र आल्यापासून मी पाठ करून काम करत होते. यंत्र भिंतीकडे वळवून घेतलं, स्टूल उलटं ठेवलं. युनिटला ते विचित्र वाटलं. सबा नावाची भोकरदनची मुलगी आमच्यात नायिकेच्या बहिणीचं काम करते. एकवीस वर्षांची आहे, सगळ्यांची चेष्टा करते. ती मला म्हणाली, "शालूदीदी, ये दीवार से सगाई हो गई क्या तुमची? दावत कधी?" मला ती आवडते. हे नोंदवून ठेवते, कारण ते महत्त्वाचं आहे.

गुरुवारी, २३ तारखेला, जेवणाच्या सुट्टीत तिचा माइक चालू राहिला. माझी पाठ तिच्याकडे होती. मध्ये दहा पावलांचं अंतर आणि एक लाकडी फळी. हेडफोनमध्ये ती बबलूला म्हणताना ऐकू आली, "वो पत्थर है बबलूभाई. हरिओमभाई पडले ना, तेव्हा पण पहिले मशीनकडं बघितलं, मग धावली. हिच्या घरात मय्यत झाली तरी पहिले आवाज चेक करेल."

बबलू हसला. सबाही हसत होती आणि मध्येच थांबली.

मी रागावले नव्हते. मला ते लागलं होतं. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं मला वाटत होतं.

मी हेडफोन फेकून तिच्याकडे पळाले. तिच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ आली होती. बबलू तिचे गाल थोपटत विचारत होता, "नाव सांग, सबा, तुझं नाव सांग." ती म्हणत होती, "कुणाचं?" अकरा मिनिटं तिला स्वतःचं नाव सांगता आलं नाही. मग हळूहळू सगळं आठवलं. आता ती बरी आहे, उन्हाने झालं असं तिला वाटतं. तिच्या माइकवर दोन सेकंद काहीच नाही.

म्हणजे पाठ करून उपयोग झाला नाही. माझी तिच्याकडे नजरही नव्हती, फक्त कान होता. मी विचार केला. बोक्याकडे मी बघत होते हे खरं, पण पिल्लाचं हाड त्याच्या दातांत कडकडताना ऐकतही होते.

आता दोन प्रश्न. तू कधीच फोन कानाला का लावत नाहीस? आणि मला पहिलं पत्र लिहिताना तुला हे माहीत होतं का?

शालू


पिंपळगाव रेणुकाई
३० जानेवारी

शालू,

माहीत व्हतं.

दोन दिस झाले पत्र येऊन. रोज लिवाया बसते अन् उठते. आज लिवतेच.

चौदा-पंदरा साल झाले. तुझे मावसे कारभारी तवा अंकुशनगरला साखर कारखान्यात व्हते, वर्कशॉपात. त्यांनीच मला बारका मोबाईल आनून देल्ता. चैताच्या यात्रेला येतो म्हन्ले अन् आले न्हाई. मी फोन लावला. मी घरात अन् ते तिकडं पन्नास कोसांवर, कोन कुनाकडं पाठ करनार? मी मनात म्हन्ले, इथं तर बोलायला काई भीती न्हाई. अन् जन्मात पहिल्यांदा मोकळी भांडले. ते म्हनत व्हते, अगं ऐक तर, रजाच न्हाई भेटली. मी म्हन्ले, तोंड दाखवू नका. त्यांच्या श्वासाचा आवाज येत व्हता कानात. मंग न्हाई आला. लोक म्हन्ले उन्हाचा झटका. मी बी म्हन्ले उन्हाचा झटका. फोन हिरीत टाकला.

तुला हे लिवलं असतं तर तू विचारलं असतं, मंग मावसे कसे गेले. म्हनून नजर येवढंच लिवलं. नजरेचं बी खोटं न्हाई, पन ते अर्धं हाय. लांबचा आवाज चालतो, कानाला लागलेला श्वास चालत न्हाई. माझ्या त्या अर्ध्यानं त्या सबाचं वाटोळं झालं असतं. तिच्या आईपुढं मी कोन्त्या तोंडानं उभी राह्यले असते?

आता दुसरं. तुझी आई भयरी व्हती ते टायफाईडानं, असं तुला सांगितलं. ते बी खोटं. तू पोटात यायच्या आदल्या साली तिचं अन् तुझ्या बापाचं, भागवत भाऊजीचं भांडन झालं. भाऊजीनं तिला धरून आपल्याकडं वळवली, म्हन्ले, मानसासारखं तोंडाकडं बघून भांड. तिनं बघितलं. त्यांचा डावा हात अन् पाय गेला.

मंग तिनं चाळीस दिस त्यांच्या छातीला कान लावून ऐकलं. सकाळी अन् दिवेलागनीला. काई मागायचं न्हाई, मंतर न्हाई, देव न्हाई. निस्तं ऐकायचं. एकविसाव्या दिशी बोट हाललं. चाळिसाव्या दिशी भाऊजी स्वताच्या पायानं मळ्यात गेल्ते. तवापासून तुळजाक्काच्या डाव्या कानात काई न्हाई. दोन सालात उजवा बी गेला.

तू बारकी व्हतीस तवा म्हनायचीस ना, आई मला कधी हाकेला ओ देत न्हाई. तिला ऐकूच येत नव्हतं बाई. अन् राग आला तर तुझ्याकडं बघायची तिला भीती व्हती.

हे तुला सांगून राह्यले म्हंजे तू तसं करावं असं न्हाई. त्या पोराची तू कोनी न्हाईस. तुझं पोट कानावर हाय.

दैवशाला


जालना
५ फेब्रुवारी

मावशी,

तुझ्यावर मी रागावलेले नाही. हे लिहिण्याआधी मी तीन दिवस थांबले, खात्री करून घ्यायला.

मी चित्रपट सोडला. सगळे आवाज दिग्दर्शकाकडे दिले. ते सात सेकंद त्याने ऐकले आणि खुर्चीतून उठला. "शालू, हेच! मनाचा वार होतो तेव्हा असाच आवाज पाहिजे मला." मी म्हणाले, तो आवाज नाही. तो म्हणाला, "तेच तर!" मी तो तुकडा कापून माझ्याजवळ ठेवला आणि निघाले. तो अजून फोन करतोय.

नंतर दवाखान्यात गेले. हरिओमची आई नंदाबाई तिथे एकट्या असतात. गाव परतूरकडचं. त्यांना कुणीतरी सांगितलंय की तो पडला तेव्हा पहिली मी धावले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ते खरं आहे. त्यांनी माझा हात धरून मला बाकावर बसवलं, डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर दिला. मी नको म्हणाले तर म्हणाल्या, "खा गं. तुझ्या मायनं तुला चांगलं वळन लावलं." मी खाल्ली. नंतर बाहेर जाऊन बराच वेळ उभी होते.

हरिओम डोळ्यांनी ओळखतो. मला बघून त्याने डावा हात उचलला. तो बहुतेक कार्डाबद्दल काही सांगत होता, कारण बोटांनी चौकोन करून दाखवला आणि मग हात छातीवर ठेवला. मी त्याच्यापासून चार हात दूर उभी राहिले आणि दवाखान्याच्या पंख्याचा आवाज ऐकत राहिले.

मी चाळीस दिवस बसायचं ठरवलं आहे. प्रश्न एवढाच की नंदाबाईंना सांगून की न सांगता. न सांगता बसणं सोपं आहे. मी काळजी करणारी मैत्रीण आहे असं त्या समजतीलच. पण जे झालं ते राग मोठा होता म्हणून झालं नाही. मी तो दोन दिवस झाकून ठेवला आणि झाकलेलाच घेऊन ऐकायला बसले, म्हणून झालं. सबाच्या वेळीही तेच. आता नंदाबाईंच्या लेकाच्या छातीवर कान ठेवताना मी त्यांच्यापासून काही लपवत असेन, तर ते लपवलेलंच त्याच्यात उतरेल. म्हणून सांगणं भाग आहे. यात चांगुलपणा नाही, ती पद्धतीची गरज आहे.

यात तुला धोका आहे. मी एकटी आहे, कुठेही राहू शकते. तुला त्या गावात राहायचं आहे. म्हणून तुझं म्हणणं आधी हवं.

शालू


पिंपळगाव रेणुकाई
९ फेब्रुवारी

शालू,

शिकलेली हायस, पन येडी हायस. लेकरू पाडलं माझं, असं समजल्यावर कोन आई तुला त्याच्या छातीला हात लावू देईल? ती चप्पल काढंल. चप्पल काढली तर बरंच म्हन. मानसं गोळा केली तर? मागं एका गावात म्हातारीला पानवठ्यावर येऊ देईनात. भुताळी म्हनून. तिनं काईच केलं नव्हतं. आपुन तर केलंय.

माझं नाव बिलकुल घालू नको. मी भित्री हाय, तसं समज. मला ह्या गावात मरायचंय, हाकलून जायचं न्हाई.

पन तू जानार. तुझं पत्र वाचून कळलं, तू विचारून न्हाई राह्यली, सांगून राह्यली. मंग बराबर कर. बसायच्या आधी त्याच्यावरचा राग हाय का बघ. गेला म्हनू नको, बघ. असला तर त्या दिशी कान लावायचा न्हाई, परत फिरायचं, दुसऱ्या दिशी यायचं. तुळजाक्का तीन येळा आशी परत फिरली. ते दिस चाळिसात धरायचे न्हाई. अर्ध्यात सोडलं तर आलेलं बी जातं. अन् कान कोन्ता लावायचा ते आधी ठरव. ज्या कानानं ऐकशील तो आधी जाईल.

कारभारीचं मला तसं करता आलं न्हाई. मानूस त्याच जागी गेल्ता. तुझ्याकडं मानूस हाय.

झाल्यावर माझ्याकडं ये. मी मोठ्यानं बोलत जाईन.

दैवशाला


जालना
१२ फेब्रुवारी २०२५

नंदाबाई काकू,

हे पत्र मी तुमच्या हातात देऊन निघून जाईन. तुम्ही वाचताना मी समोर नसावं असं मला वाटतं. शेजारच्या खाटेवरच्यांकडून वाचून घेऊ नका. दैनिकं वाचता तसं सावकाश स्वतः वाचा.

हरिओमला जे झालं ते माझ्यामुळे झालं. मी त्याला हात लावला नाही, काही खायला-प्यायला दिलं नाही, करणी केली नाही. मी त्याच्यावर रागावलेली होते आणि त्याच्या छातीच्या माइकवरून त्याचे ठोके ऐकत होते. माझ्या ऐकण्याने माणसाला इजा होते. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्याची चूक लहान होती. कामाच्या ठिकाणी रोज होते तेवढीच. माझा राग त्या मानाने फार मोठा होता आणि तो मी कुणाला दाखवला नाही.

तुम्हाला हे खोटं किंवा वेडेपणाचं वाटेल. माझ्याकडे त्या मिनिटाचं रेकॉर्डिंग आहे. हवं तर ऐकवीन, पण त्याने तुमची खात्री पटेल असं मी म्हणत नाही. पोलिसांत जायचं असेल तर जा. मी जालन्यातच आहे, पत्ता पाकिटावर दिला आहे.

आमच्या घरात एका बाईने अशी इजा भरून काढली होती, चाळीस दिवस रोज दोनदा त्या माणसाच्या छातीला कान लावून. तो माणूस माझे वडील आणि ती बाई माझी आई. दोघंही आज नाहीत. मी हरिओमसाठी तेच करू इच्छिते. तो बरा होईल याची हमी मी देऊ शकत नाही. एकदा झालं आहे, एवढंच सांगू शकते. मधल्या एखाद्या दिवशी माझ्या मनात राग उरला असेल तर मी दारातून परत जाईन. ते दिवस पुढे वाढतील. पूर्ण वेळ तुम्ही खोलीत असावं आणि तुम्हाला वाटेल त्या क्षणी मला उठवावं. डॉक्टरांची औषधं आणि व्यायाम बंद करू नयेत.

यात माझं काही नुकसान होणार आहे. ते मला माहीत आहे आणि मला चालणार आहे. तुमच्या उत्तरात त्याचा विचार धरू नका.

हरिओमला सगळं कळतं. त्यालाही विचारा. त्याने मानेने नाही म्हटलं तर ते शेवटचं.

तुम्ही मला भाकरी दिली तेव्हा हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

शनिवारी, २२ तारखेला त्याला घरी सोडणार आहेत, असं सिस्टर म्हणाल्या. त्याआधी मला तुमच्या गावात खोली बघावी लागेल. म्हणून तुमचं उत्तर, हो असो की नाही, शुक्रवार, २१ फेब्रुवारीपर्यंत पाकिटावरच्या पत्त्यावर कळवावं.

शालू भागवत